वेबसाइटच्या धंद्यातही वही हवी

बारामती-इंदापूर भागात दोघे-तिघे तरुण मिळून दुकानदारांना वेबसाइट करून देतात, ही कौतुकाची गोष्ट आहे. पण काम बहुधा तोंडी चालते. गिऱ्हाईक फोनवर सांगते, मुलगा थेट चालू साइटवर बदल करतो आणि काल तिथे काय होते याची नोंद राहत नाही. मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवा, अशी आज्ञा सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे. उधारीची वही ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला लेखी नोंदीचे मोल वेगळे सांगायला नको.

संगणकात ही वही फुकट मिळते. लिनस टॉरवाल्ड्स यांनी 2005 साली तयार केलेले ‘गिट’ प्रत्येक बदल तारखेसह व करणाऱ्याच्या नावासह जपते. बिघडले तर मागे जाता येते. हे मोठ्या कंपन्यांचे चोचले आहेत, हे म्हणणे आम्हाला पटत नाही. दोघांच्या धंद्यात एक आजारी पडला तर नोंदीवाचून दुसऱ्याचे हातच बांधले जातात.

राखीव प्रतीचेही तेच. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या नामांकित कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून चालू माहितीसाठा पुसला गेला. राखीव प्रतीच्या पाच व्यवस्था होत्या, पण ऐनवेळी एकीवरही भरवसा ठेवता येईना! सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत हाती लागली म्हणून निभावले. आमच्या तरुणांनी महिन्यातून एकदा तरी राखीव प्रतीवरून साइट उभी करून पाहावी.

दुकानदार बांधवांनी मात्र पैसे मोजण्यापूर्वी एवढे विचारावे, डोमेन कोणाच्या नावावर आहे? ते स्वतःच्याच नावावर घ्यावे.