भिंतीवरची रेघ

लाखांदूर तालुक्यातल्या आमच्या एका विद्यार्थ्याने मध्यंतरी घरचा फोटो आणून दाखवला. आजी-आजोबा खुर्च्यांवर, भोवती मुले-सुना-नातवंडे, आणि सगळ्यांच्या मागे एकसारखी फिकट निळी पोकळी. "भिंत खराब दिसत होती सर, म्हणून स्टुडिओतून प्लेन करून घेतली." मूळ फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होता. त्यात चुन्याची भिंत होती, खिळ्याला दिनदर्शिका होती, आणि माणसांच्या खांद्यांमधून दिसणारी एक आडवी, तपकिरी रेघ होती. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला तेव्हा पाणी घरात कुठवर चढले होते, ते सांगणारी. त्या उंचीखाली असलेल्या धानाचे काय झाले असेल, हे कुणी वेगळे सांगायला नको.

आता आम्हांला कुणी विचारील, की फोटोची पार्श्वभूमी खरी होती तरी कधी? जुन्या स्टुडिओंमध्ये राजवाड्याचे जिने आणि कमळांची तळी कापडावर रंगवलेलीच असत. मान्य आहे. रंगीत पडद्याचे वैर आम्ही धरूच शकत नाही. शेजारच्या वडशातून झाडीपट्टीची नाटके निघतात, ती पाहतच आम्ही वाढलो. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर सिनेमात येण्याआधी नाटक कंपन्यांचे पडदेच रंगवीत होते. पण पडद्याची घडी दिसे, त्याची खालची कडा जमिनीवर लोळत असे, आणि त्या कुटुंबाला कुठे उभे राहावेसे वाटत होते एवढे तरी त्यातून कळे. सपाट निळ्यातून काय कळते?

दुरुस्तीलाही आमचा विरोध नाही. फोटोच्या कागदाला बुरशी लागली, फ्लॅशने एक कोपरा पांढरा पडला, तर तो जरूर सुधारावा. मराठीच्या अभ्यासकाला हा भेद नवा नसावा. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती लेखनिकांच्या हातून शिरलेले दोष काढण्यासाठी. ज्ञानदेवांचा शब्द आपल्याला ओबडधोबड वाटला म्हणून नव्हे. बुरशी प्रतीची आहे, ओल मात्र घराची आहे. ही दोन्ही एकाच ब्रशने पुसली जातात, हे आमचे खरे दुखणे. फोटोशॉपमध्ये २००२ साली जे नवे साधन आले, त्याचे नावच 'हीलिंग ब्रश'. शेजारच्या स्वच्छ भागाचा पोत उचलायचा, तो डागावर बसवायचा आणि रंग-उजेड आजूबाजूशी जुळवून घ्यायचा. म्हणजे डाग ही जखम, हे आधीच ठरलेले! आता तर मोबाइलवर एका बोटाने हे होते. डाग कसला, हे पाहायलाही कुणी थांबत नाही.

पण स्टुडिओवाल्याला झोडपून आमची सुटका होणार नाही. त्याने गिऱ्हाइकाने सांगितले तेच केले. आणि गिऱ्हाइकाला आपल्या भिंतीची लाज वाटायला शिकवले कुणी? याच विद्यार्थ्याच्या निबंधात पुराचे वर्णन होते. त्यात जिथे जिथे 'पानी' आले, तिथे आम्ही लाल शाईने 'पाणी' केले होते. त्याची आजी पुराबद्दल बोलते ती झाडीबोलीत, आणि तिच्या तोंडचे वाक्यही आम्ही प्रमाण करून टाकले. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकाने या बोलीसाठी आयुष्य वेचले. त्यांचे नाव आम्ही भाषणांत आदराने घेतो आणि उत्तरपत्रिका तपासायला बसलो की विसरतो. निबंधाची पार्श्वभूमी 'प्लेन' करण्याचे काम आम्ही पगार घेऊन करीत आलो आहोत.

आपल्या घरची ओल चारचौघांत मांडायची नाही, हा त्या कुटुंबाचा हक्क आहे, हेही आम्ही जाणतो. पाहुण्यांसमोर टांगायचा फोटो त्यांनी हवा तसा करावा. शहरातल्या कुणी त्या रेघेत सौंदर्य शोधावे, अशीही आमची इच्छा नाही. मागणी एवढीच, की सपाट केलेल्या प्रतीबरोबर मूळ प्रतही कागदावर काढून घ्यावी आणि तिच्या मागे गाव, साल, माणसांची नावे लिहावीत.

आम्ही हे त्याला सांगितले, तेव्हा तो हसला. गेल्या दिवाळीला भिंतीला गिलावा करून रंग दिला, म्हणाला. रेघ आता फक्त त्याच्या मोबाइलमध्ये आहे, आणि मोबाइल भरत आल्याने तो जुने फोटो काढून टाकतो आहे.