गॅस भरण्याआधी नाडी पाहा

व्यापाराच्या पानावर कापडवाल्याने कापडाच्या भावाविषयी लिहावे, ही वाचकांची अपेक्षा रास्त आहे. या खेपेस मात्र आम्ही मोटारीतल्या गारव्याविषयी लिहीत आहोत. कारण असे की, या गारव्यापायी आमचे पैसे गेले, आणि ते ज्या पद्धतीने गेले ती पद्धत आमच्या समाजातील एका मोठ्या धंद्याच्या मुळावर येणारी आहे.

राणीसावरगावाहून गंगाखेड, तेथून परभणी, आणि माल आणायचा तर इचलकरंजी-मालेगावपर्यंत आमची फिरती असते. मे महिन्यात परभणीचा पारा ४२-४३ अंशांवर जाणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. वय पन्नाशीच्या पुढे गेले, तेव्हा मुलांनी आग्रह करून एक जुनी पण वरच्या मॉडेलची गाडी घ्यायला लावली. तिच्यात एसी आपोआप चालतो. आपण २४ अंश लावायचे, पंखा किती जोरात फिरवायचा आणि गार हवेत गरम हवा किती मिसळायची हे गाडीतला संगणकच ठरवतो. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत कॅडिलॅक कंपनीने १९६४ सालीच अशी सोय आपल्या गाड्यांत दिली होती. आपल्याकडे ती मध्यमवर्गाच्या गाड्यांत गेल्या पंधरा-वीस वर्षांत आली.

पहिला उन्हाळा बरा गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात गाडी दुकानापुढे उभी असली की गार हवा देई, आणि रस्त्यावरच्या खड्ड्यांत आपटली की भट्टीसारखी हवा सोडी. आम्ही एका मोठ्या गॅरेजात गेलो. त्यांनी गेज लावले आणि सांगितले, "गॅस कमी आहे." गॅस भरला. आठ दिवसांत पुन्हा तेच. दुसऱ्या ठिकाणी गेलो, तेथेही गॅस भरला. तिसऱ्या उस्तादांनी कंप्रेसरला हात लावून मान हलवली आणि वीस हजारांच्या पुढचा आकडा सांगितला. या तिघांपैकी एकानेही गाडीत बसून समोरचा पडदा पाहिला नाही. पाहिला असता तर दिसले असते की भर मे महिन्यात, गंगाखेडच्या रस्त्यावर, गाडी बाहेरचे तापमान उणे ४० अंश दाखवते आहे! आम्हीही ते पाहिले होते. पण आकडा कधी येई, कधी जाई. आम्ही समजलो, जुनी गाडी, पडदा बिघडला असेल. दोष केवळ उस्तादांचा नाही.

शेवटी गंगाखेडमधल्या एका तरुण वायरिंगवाल्याकडे गाडी नेली. त्याने अवजाराला हात लावण्याआधी पाच मिनिटे नुसते प्रश्न विचारले. कधी गार होते, कधी नाही, खड्ड्यानंतर होते की इंजिन तापल्यावर, बाहेरचे तापमान किती दाखवते. उणे ४० म्हटल्याबरोबर तो हसला. "चाचा, तुमची गाडी समजते आपण सैबेरियात आहोत. एवढ्या थंडीत ती एसी कशाला चालू करील?"

उर्दू शाळेत आम्ही 'तशखीस' हा शब्द शिकलो होतो. मराठीत त्याला रोगनिदान म्हणतात. हकीम आधी नबज पाहतो, जीभ पाहतो, मग दवा लिहितो. त्या दिवशी आम्ही गॅरेजात प्रथमच तशखीस पाहिली. ती कशी केली हे आमच्या कारागीर बांधवांसाठी सविस्तर लिहितो. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांनी माफ करावे.

आपोआप चालणाऱ्या एसीला डोळे-कान नसतात. त्याला चार-पाच लहान सेन्सर खबर देतात. एक पुढच्या जाळीमागे किंवा बंपरच्या आत बाहेरची हवा मोजतो. दुसरा डॅशबोर्डवर, बहुधा चालकाच्या गुडघ्याजवळ, बारीक जाळीमागे बसून आतली हवा मोजतो. तिसरा गार होणाऱ्या कॉइलपाशी असतो. चौथा समोरच्या काचेखाली काळ्या बटणासारखा दिसतो, तो ऊन मोजतो. हवा मोजणारे सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. ऊब वाढली की त्याचा विद्युत-रोध उतरतो, थंडी वाढली की चढतो. पदार्थाचा हा गुण मायकेल फॅरेडे यांनी १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडवर टिपला होता. हे फॅरेडे लोहाराचे पुत्र होते आणि तरुणपणी पुस्तकबांधणीच्या दुकानात शागीर्द होते, हे येथे मुद्दाम सांगतो.

गाडीचा संगणक या सेन्सरला बहुधा ५ व्होल्टची बारीक वीज देतो आणि किती व्होल्ट उरले ते पाहतो. वायर तुटली किंवा सॉकेट सुटले की रोध अमर्याद होतो, आणि संगणकाचा समज होतो की कडाक्याची थंडी आहे. म्हणून पडद्यावर उणे ४०. वायरी एकमेकींना चिकटल्या तर उलटे होते, तो भलतीच गरमी समजतो. पुष्कळ गाड्यांत बाहेर फार थंडी असल्याची खबर मिळाली की कंप्रेसर सुरूच होऊ दिला जात नाही. आमच्या गाडीत हेच घडत होते. बंपर कधीतरी आपटला होता, सॉकेट सैल झाले होते, खड्ड्यात सुटे आणि थांबल्यावर पुन्हा टेके. काही गाड्या याहून लबाड असतात. सेन्सर मेला की त्या पडद्यावर काही न दाखवता एक ठरीव आकडा धरून चालतात, म्हणून पडदा ठीक दिसला तरी मोजल्याशिवाय सोडू नये.

त्या तरुणाने सेन्सर काढला, मल्टिमीटर लावला, आणि तो आधी बर्फाच्या पाण्यात, मग सावलीत, मग कोमट पाण्यात धरला. बर्फाच्या पाण्याचे तापमान शून्य अंश, हे तर अल्लाहने दिलेले फुकटचे माप आहे. अनेक गाड्यांत २५ अंशांना हा रोध १० किलो-ओहमच्या आसपास असतो, काही जपानी गाड्यांतील आतल्या सेन्सरचा दीड-दोनच असतो. म्हणून त्या त्या गाडीचा तक्ता पाहावा लागतो. पण तक्ता नसला तरी एक गोष्ट कळते. आकडा एकसारखा, सलग चढला-उतरला पाहिजे. मध्येच उडी मारली तर सेन्सर गेला. आमचा सलग चालला. म्हणजे सेन्सर चांगला, सॉकेट खराब. खर्च किती? एका सॉकेटचा आणि दोन वायरींचा.

दुरुस्तीनंतरही पडदा लगेच खरे बोलला नाही. उभ्या गाडीत इंजिनाची ऊब जाळीपर्यंत येते, म्हणून पुष्कळ गाड्या बाहेरचा आकडा सावकाश बदलतात आणि गाडी काही अंतर धावल्यावरच तो मान्य करतात. हे ठाऊक नसलेला फिटर नवा सेन्सरही खराब समजून परत करतो. वर्तमानपत्रात येणारे परभणीचे तापमान आणि गाडीचा पडदा जुळत नाही म्हणून भांडणारेही आम्ही पाहिले आहेत. हवामान खात्याच्या पद्धतीत तापमापक हवा खेळणाऱ्या पांढऱ्या पेटीत, सावलीत ठेवतात. गाडीचा सेन्सर तापलेल्या डांबरापासून हातभर उंचीवर असतो. दोन-चार अंशांचा फरक राहणारच.

मग तो आतल्या सेन्सरकडे वळला. कागदाचा एक बारीक तुकडा त्याने गुडघ्याजवळच्या जाळीपुढे धरला. एसी चालू असताना तेथे हवा आत ओढली जाते आणि कागद चिकटतो. आमच्या गाडीत कागद खाली पडला. जाळी उघडली, तर आत रुईसारखा गोळा! आम्ही मागच्या सीटवर तागे आणि गाठी टाकून आणतो, त्यांचेच तंतू बसले होते. हवा ओढली गेली नाही की सेन्सर माणसांजवळची हवा मोजत नाही, डॅशबोर्डच्या पोटातली कोंडलेली गरम हवा मोजतो, आणि गाडी गारठली तरी पंखा थांबत नाही. ब्रशने साफ केले, खर्च शून्य. कापडाच्या, पिठाच्या आणि कापसाच्या धंद्यातील बांधवांनी हे लक्षात ठेवावे.

आता उन्हाच्या बटणाचा किस्सा. गाडीची काही बटणे ठरावीक रीतीने दाबली की तिचा संगणक बिघाडाचे आकडे दाखवतो. आमच्या गाडीने ऊन-सेन्सरच्या बिघाडाचा आकडा दाखवला. दुसरा कोणी असता तर तेथेच नवा सेन्सर मागवला असता. हा म्हणाला, "चाचा, आपण शेडमध्ये उभे आहोत. येथे ऊनच नाही, तो बिचारा काय सांगणार?" टोयोटाच्या दुरुस्तीच्या पुस्तकांत स्पष्ट ताकीद आहे की, ही तपासणी अंधाऱ्या जागी केली तर सेन्सर चांगला असूनही बिघाडाचा आकडा येऊ शकतो. कारखान्यात यासाठी तारेचा जुना पिवळा बल्ब जवळ धरतात. एलईडीचा किंवा मोबाईलचा उजेड बहुधा चालत नाही, कारण हे सेन्सर उन्हातील अदृश्य उष्ण किरणांवरही चालतात आणि एलईडीत ते जवळजवळ नसतात. पिवळे बल्ब आता दुकानांतून नाहीसे होत चालले आहेत. पण मराठवाड्यात उन्हाची कसली टंचाई? गाडी बाहेर काढली.

आकडा तरीही गेला नाही. मग त्याने डॅशबोर्डवरचे आमचे कव्हर उचलले, आणि आकडा गेला. ते कव्हर आम्हीच आमच्या दुकानातल्या जाड मखमलीचे शिवून घेतले होते, कडेला जरीची पट्टी लावून. त्याने काळे बटण झाकले होते. म्हणजे गाडीच्या लेखी आमच्याकडे बारा महिने रात्र होती! म्हणूनच भर दुपारी पंखा मंद राही, आणि दिवसा दिवे लागत. उजेड मोजणारा डोळा त्याच बटणात होता. समोरून येणारे लोक हात दाखवत, "चाचा, लाईट चालू आहे," आणि आम्ही त्यांनाच सलाम करून पुढे जात असू.

भरलेल्या गॅसचे काय? गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो बंद नळ्यांत फिरतो. कमी झाला तर गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. किती ग्रॅम भरायचा ते बॉनेटखालच्या चिठ्ठीवर छापलेले असते. तो तोलून भरायचा माल आहे, अंदाजाने नाही. आमच्या गाडीत दोनदा भरल्यामुळे तो जास्त झाला होता. यंत्राने काढून, तोलून, पुन्हा भरावा लागला. तागडी ओळखणाऱ्या समाजाने या तोलाकडे दुर्लक्ष करावे, हे आम्हांस खटकते.

इतके लिहिण्याचे कारण आता सांगतो. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीचा अहवाल २००६ साली आला. त्यात दिसले की मुसलमान नोकरीपेक्षा स्वतःच्या कामधंद्यावर अधिक जगतात, आणि ज्या धंद्यांत त्यांचा वाटा मोठा आहे त्यांत मोटारदुरुस्ती एक आहे. हे आकड्यांशिवायही कळते. मराठवाड्याच्या कोणत्याही बसस्थानकामागे फिरा, पाने आणि स्पॅनर कोणाच्या हातात आहेत ते दिसेल. जुन्या गाडीत हा हुन्नर कानात आणि हातात होता. नव्या गाडीत तो मोजमापात गेला आहे. गिऱ्हाईक तीनदा फसले की चौथ्यांदा सरळ कंपनीच्या शोरूमला जाते आणि आमचा उस्ताद पंक्चर काढत बसतो. विजेवरच्या गाड्या आल्या की इंजिनाचे काम उरणार नाही. एसी मात्र राहणार आहे आणि हेच सेन्सर राहणार आहेत, उलट बॅटरी वाचवण्यासाठी त्यांचे महत्त्व वाढणार आहे.

जलशांत आम्हांला अल-जझरीचे नाव घ्यायला आवडते. आपोआप चालणाऱ्या यंत्रांवरचा त्यांचा ग्रंथ १२०६ साली पुरा झाला, हे खरे आहे. पण त्यांचे नाव घेणाऱ्या मोहल्ल्यात चार-पाचशे रुपयांचा मल्टिमीटर किती दुकानांत आहे, हेही कोणी मोजावे. मुले उर्दू शाळेतून येतात, तक्ते इंग्रजीत असतात, ही अडचण आम्ही जाणतो, कारण आम्हीही त्याच शाळेतून आलो. पण तक्त्यात आकडेच असतात, आणि आकडे सर्वांना वाचता येतात. कोणी जाणत्या वायरिंगवाल्याने नेहमीच्या दहा गाड्यांचे तक्ते मराठीत आणि उर्दूत लिहून गॅरेजांत लावले, तर जाहीर तकरीरींपेक्षा अधिक काम होईल.

आणि एक बोट आमच्याकडेही, म्हणजे गिऱ्हाइकांकडे. त्या तरुणाने दोन तास खपून नवा माल म्हणून एक सॉकेट वापरले. बिलात त्याने तपासणीचे पाचशे रुपये लावले तेव्हा आमच्याच तोंडून निघाले, "बदलले तर काहीच नाही, मग पाचशे कशाचे?" तो काही बोलला नाही. घरी येताना आम्हांला लाज वाटली. न लागणारा गॅस भरणाऱ्यांना आम्ही दोनदा मुकाट्याने पैसे दिले होते, आणि ज्याने खरे सांगितले त्याच्याशी घासाघीस केली. आम्ही अकलेचे मोल देत नाही, सुट्या भागाचे देतो, म्हणून कारागीर भाग विकतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल उघड केल्याचा प्रसंग प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. तो आम्ही विकणाऱ्याच्या बाजूनेच सांगतो. आत हात घालून पाहणाऱ्याची मेहनत त्यात आहे, तिकडे आमचे लक्ष जात नाही.

दुसऱ्या फेरीला ते पाचशे आणि वर थोडे देऊन आलो. मखमलीचे कव्हर फेकले नाही, आमच्या शिंप्याने बटणाच्या जागी गोल कापून शेरवानीला करतात तसे सुबक काज केले. आता दुकानात कोणी डॅशबोर्डच्या कव्हराला कापड मागितले की कात्री उचलण्याआधी आम्ही विचारतो, काचेखाली काळे बटण आहे का, आणि असल्यास कोणत्या बाजूला.