सिव्हिल झालं, पुढे काय?

आमच्या जयसिंगपुरात सिव्हिलची पदवी हातात पडली की घरोघरी एकच चर्चा, कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटला जायचं का? जवळ राजारामनगरला एम.टेक. आहे, पुण्यात १९८३ पासूनचं निकमार आहे (२०२२ मध्ये विद्यापीठही झालं), आणि ज्यांची शेती जरा बरी त्यांना अमेरिका! शाहू महाराजांनी आखून-रेखून वसवलेल्या, नंबरांच्या गल्ल्यांच्या गावात राहतो म्हणून प्लॅनिंग आमच्या रक्तातच आहे, असा आमचा समज. असो.

यंदा भाचाही विचारतोय, "मामा, जाऊ का?" फोनवर तीनदा सांगून झालं, आता लिहूनच टाकतो. जा, पण आधी दोन पावसाळे साईटवर काढ.

त्या शिक्षणाला मी नावं ठेवत नाही. क्रिटिकल पाथ मेथड १९५० च्या दशकात अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या कामातून पुढे आली. कुठलं काम एक दिवस रखडलं की अख्खा प्रकल्प एक दिवस रखडतो, ते ती दाखवते. शिकायलाच हवी. पण स्लॅबच्या दिवशी मिक्सर दारात आणि सेंट्रिंगवाल्याचा फोन बंद, हे ज्याने पाहिलं नाही त्याला ते बाण म्हणजे नुसतं परीक्षेतलं गणित. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पुराने आपले रस्ते बंद केले. तेव्हा सिमेंट कुठून येणार होतं? पुस्तकात हे 'जोखीम व्यवस्थापन' म्हणून पाच मार्कांना येतं.

आणि माणसं! आराखड्यात गवंडी-बिगारी म्हणजे एक आकडा. त्यातल्या कुणाला कामगार कल्याण मंडळात नोंदणी करायची तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो नसेल तर नोंदणी नाही, म्हणजे मुलांची शिष्यवृत्ती नाही, अपघातात मदत नाही. ठेकेदार सहीला टाळाटाळ करतो तेव्हा पोरसवदा इंजिनिअरने तोंड उघडायचं की मान खाली घालायची? मला विचाराल तर खरं मॅनेजमेंट इथे सुरू होतं, आणि ते वर्गात बसून कळत नाही.

तर ताई, सातबाऱ्यावर बोजा चढवायची घाई करू नकोस. दोन वर्षांचा पगार साठला तर कर्जही कमी लागेल. उदगावच्या बाजूला ओळखीचं एक काम चालू आहे. सोमवारी सकाळी आठला पाठव त्याला. चप्पल नको म्हणावं, बूट घालून ये.