लॅटिन गेली, मग मराठी का आली नाही?

ठाणे स्थानकाच्या पूर्वेला, लोहमार्ग आणि खाडी यांच्यामधल्या पट्ट्यात कोपरी वसली आहे. ऑक्टोबर हा कॅथलिकांचा जपमाळेचा महिना. अशाच एका ऑक्टोबरमध्ये कोपरीतल्या एका घरी सायंकाळच्या प्रार्थनेला बसण्याचा योग आला. जपमाळेची रीत अशी की, मरियेच्या प्रार्थनेचा पूर्वार्ध एकाने म्हणायचा आणि उत्तरार्ध बाकीच्यांनी. त्या घरी आजी पूर्वार्ध मराठीत म्हणत होत्या आणि नातवंडे उत्तरार्ध इंग्रजीत. पन्नास मण्यांपर्यंत हे असेच चालले. एकच प्रार्थना, मधोमध भाषा बदललेली, आणि खोलीतल्या कोणालाही त्यात काही वावगे वाटत नव्हते.

मित्रहो, आजचा हा धागा त्या बदललेल्या उत्तरार्धाविषयी आहे.

आपल्याकडे एक समजूत रूढ आहे. १९६०च्या दशकापर्यंत चर्चमध्ये सारे काही लॅटिनमध्ये चाले, लोकांना त्यातले काही कळत नसे. मग रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि तिने उपासना लोकभाषेत आणली. यातला परिषदेचा भाग खरा आहे. उपासनेविषयीचा तिचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत झाला आणि त्याने लोकभाषांना दार उघडून दिले. ठाण्यापुरते पाहिले तर मात्र गोष्ट जवळजवळ उलटी घडली. वेदीवर लॅटिन होती तोवर लोकांच्या तोंडी मराठी होती. वेदीवर ‘लोकभाषा’ आली तेव्हा ती इंग्रजी होती. माझ्या मते मराठीची जागा चर्चमध्ये गेली नाही, ती शाळेत गेली. आणि याचा दोष रोमकडे ढकलणे हा आपल्या सोयीचा इतिहास आहे.

थोडे मागे जाऊ. ठाणे-कल्याण परिसरातील ख्रिस्ती वस्ती पोर्तुगीजांपासून सुरू होते, हेही पूर्ण खरे नाही. सहाव्या शतकातील ग्रीक प्रवासी कॉसमस याने ‘कल्लियाना’ नावाच्या बंदरात पर्शियाहून नेमलेला बिशप असल्याचे लिहून ठेवले आहे. हे बंदर म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. काहींच्या मते ते केरळातले क्विलॉन असावे. १३२१ साली मात्र जागेविषयी शंका उरत नाही. त्या वर्षी चार फ्रान्सिस्कन संन्यासी ठाण्यात मारले गेले: तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्रियस. ते ठाण्यात उतरले होते एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी. नेस्टोरियनांची उपासनेची भाषा सीरियाक. म्हणजे ठाण्यात ख्रिस्ती उपासनेची ज्ञात असलेली पहिली भाषा लॅटिनही नव्हे आणि पोर्तुगीजही नव्हे. हा धागा पुढे कल्याणला पुन्हा भेटेल.

१५३४ च्या तहाने वसई आणि साष्टीचा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला, ठाणेही त्यातच आले. मासुंदा तलावाजवळील सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चची परंपरा त्या राजवटीपर्यंत मागे जाते. धर्मांतराच्या पद्धती, त्यातली सक्ती आणि सवलती हा स्वतंत्र आणि कठोर विषय आहे. त्याला एक वेगळा धागा लागेल. येथे एवढेच पाहायचे आहे की, नव्या ख्रिस्ती माणसाला नवा धर्म कोणत्या भाषेत सांगितला गेला.

उत्तर आहे, त्याच्या भाषेत, आणि तेही ओवीत. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठीत आहे, फक्त लिपी रोमन. उत्तर कोकणाचे स्वतःचे पुराण मात्र फारच थोड्यांना माहीत असते. फ्रान्सिस्को वाझ द गिमरायश या फ्रान्सिस्कनाने ख्रिस्ताच्या दुःखसहनावर रचलेले पुराण १६५९ साली लिस्बनला छापले गेले. त्याची भाषा गोव्याची नव्हे, ती आपल्या या पट्ट्यातली बोली. एकोणिसाव्या शतकात मुंबईत त्याच्या पुन्हा आवृत्त्या निघाल्या. दोनशे वर्षांनी एखादे पुस्तक पुन्हा छापावेसे वाटते, कारण ते कोणीतरी म्हणत असते. उपवासकाळात ठाण्या-मुंबईचे ख्रिस्ती ते गात असत.

आता चित्र नीट डोळ्यांपुढे आणा. वेदीपाशी धर्मगुरू लोकांकडे पाठ करून लॅटिनमध्ये मिस्सा अर्पण करतो आहे. पण मिस्सा म्हणजे सगळे धर्मजीवन नव्हे. घरची जपमाळ, गावच्या क्रूसापाशी सायंकाळी जमणे, लग्नातली गाणी, मरणघरचे सांत्वन, पोरांना पाठ करून घेतलेले धर्मशिक्षण, हे सगळे बोलीत चाले. पापनिवेदन तर बोलीवाचून होणेच अशक्य. लॅटिन ही कोणाच्याच घरची भाषा नव्हती, म्हणून तिने कोणाच्या घरात शिरून तिथली भाषा हुसकावली नाही. तिचे राज्य वेदीच्या कठड्यापाशी संपे. मराठीला तिने अडवले नाही. नकळत तिला आडोसाच दिला.

१७३७ मध्ये ठाणे मराठ्यांनी जिंकले, १७३९ मध्ये वसई पडली. पोर्तुगीज धर्मगुरू गेले आणि बहुतेक धर्मग्रामांची धुरा देशी धर्मगुरूंवर आली. लोक राहिले, उपासना राहिली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतले आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली आगगाडी ठाण्याला पोहोचली. माझ्या दृष्टीने ठाण्याच्या ख्रिस्ती उपासनेच्या इतिहासात या आगगाडीचे स्थान कोणत्याही धर्मपरिषदेपेक्षा कमी नाही. तिच्यामुळे शेत, मीठागर आणि मासेमारी यांच्या पलीकडची नोकरी रोजच्या प्रवासाच्या अंतरावर आली, आणि त्या नोकरीची भाषा इंग्रजी होती.

१८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, येथील मूळच्या मराठीभाषक कॅथलिकांनी स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवून घेण्यास आरंभ केला. नोकरीसाठी मुंबईत येणाऱ्या गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींपासून आपण निराळे आहोत, कंपनी सरकारचे जुने प्रजाजन आहोत, हे सरकारदरबारी ठसवणे हा हेतू होता. नावाची गंमत पाहा. मराठी बोलणारा समाज, आणि आपण इथलेच आहोत हे सांगणारे त्याचे नाव इंग्रजी. लोकमान्यांचे सहकारी आणि १९२५ साली मुंबईचे महापौर झालेले काका बाप्टिस्टा याच समाजातले. म्हणून इंग्रजी शिकलेला ईस्ट इंडियन आपसूक इंग्रजधार्जिणा झाला, असा निष्कर्ष कोणी काढू नये.

स्वातंत्र्यानंतर एक प्रसंग असा घडला, ज्याची चर्चा चर्चच्या इतिहासात जवळजवळ होतच नाही. मोरारजी देसाई मुख्यमंत्री असताना मुंबई राज्य सरकारने ६ जानेवारी १९५४ रोजी एक आदेश काढला. इंग्रजी माध्यमाच्या वर्गात अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाबाहेरचे नागरिक यांच्याखेरीज कोणालाही प्रवेश देऊ नये, असा त्याचा आशय होता. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २६ मे १९५४ रोजी आदेश घटनाबाह्य ठरला. अर्जदार पालकांपैकी एक भारतीय ख्रिस्ती होते आणि आपली मातृभाषा इंग्रजी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्या पालकांच्या घरची भाषा गुजराती होती, तरी मुलगा इंग्रजीतच शिकावा अशी त्यांचीही इच्छा होती. त्यामुळे इंग्रजीची ओढ ही ख्रिस्ती समाजाचीच होती असे म्हणता येत नाही. निकाल योग्यच होता, असे मला वाटते. शाळेचे माध्यम पालकाने निवडायचे. पण निवडीला परिणाम असतात, आणि येथे तो परिणाम दहा वर्षांतच समोर आला.

कारण १९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईत होते. आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेसाठी आलेले ते भारताच्या भूमीवर पाऊल ठेवणारे पहिले पोप. पुढच्याच वर्षापासून जगभर वेदीवर लोकभाषा ऐकू येऊ लागल्या, आणि १९६९ मध्ये मिस्साविधीचे नवे रूप आले. धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभा राहिला आणि प्रत्येक धर्मग्रामापुढे प्रश्न आला, आमची ‘लोकभाषा’ कोणती?

हा प्रश्न १८५० मध्ये विचारला असता तर ठाण्यात उत्तरासाठी कोणी थांबले नसते. १९६५ मध्ये उत्तर शाळेने आधीच देऊन ठेवले होते. धर्मग्रामाच्या आवारातच इंग्रजी माध्यमाची शाळा, तेथेच धर्मशिक्षण, तेथेच प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची तयारी. मुले जे इंग्रजीत पाठ करत होती तेच वेदीवर आले. आणि लोकभाषेचे सामर्थ्य लॅटिनपेक्षा कितीतरी अधिक. ती चर्चमध्ये ऐकू येते आणि घरीही बोलता येते, म्हणून कठड्यापाशी न थांबता सरळ घरच्या जपमाळेपर्यंत पोहोचते.

त्याच १९६९ मध्ये रोमने भारतासाठी बारा बदल मंजूर केले. जमिनीवर बसून उपासना, हात जोडून नमस्कार, आरती, उदबत्ती, तेलाचे दिवे असे बरेच काही त्यात होते. ठाणे परिसरात आज एखाद्या सणाला इंग्रजी मिस्सा चालू असताना आरतीचे तबक वेदीकडे जाताना दिसते, तेव्हा मला नेहमी वाटते की, तबक आले, समई आली, बोलणे तेवढे यायचे राहिले.

याला ‘हे अटळच होते’ असे उत्तर मिळते. अटळ नव्हते, याचा पुरावा खाडीपलीकडे आहे. वसईतही तीच पोर्तुगीज राजवट, तीच लॅटिन, तीच परिषद. पण तेथे धर्मग्रामांच्या मराठी शाळा दीर्घकाळ टिकल्या, आणि लॅटिन गेली तेव्हा वेदीवर मराठी आली. १९५५ पासून ‘सुवार्ता’ मासिक निघते आहे. त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले, त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. एका धर्मगुरूच्या वाट्याला आलेला हा मान पिढ्यान्‌पिढ्यांच्या मराठी फळ्यांवर उभा होता. आता वसईतही इंग्रजी माध्यमाची लाट आहे. तिथल्या जपमाळेचा उत्तरार्ध पुढे कोणत्या भाषेत असेल, हे मी सांगण्याची गरज नाही.

ठाण्याच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. आजचा शहरी धर्मग्राम हा एका समाजाचा नाही. गोव्याचे, मंगळूरचे, तमिळ, मल्याळी, ईस्ट इंडियन असे सारे एकाच बाकावर बसतात. त्यांना एकत्र प्रार्थना करायची तर इंग्रजी ही तडजोड आहे, आणि ती वाईट तडजोड नाही. इंग्रजीने या समाजाला भाकरी दिली, हेही विसरून चालणार नाही. मुख्य मिस्सा मराठीत करा, अशी मागणी मी करणार नाही. तिने चारांना सामावताना चाळीसांना बाहेर काढले जाईल.

आणि आता तो कल्याणचा राहिलेला धागा. १९८८ मध्ये केरळच्या सिरो-मलबार ख्रिस्तसभेचा धर्मप्रांत कल्याणला स्थापन झाला. ही पूर्व सीरियाक परंपरा, म्हणजे १३२१ च्या ठाण्यातल्या त्या यजमानांच्या उपासनेशी नाते सांगणारी. तिनेही १९६२ मध्ये सीरियाक सोडून मल्याळम स्वीकारली. धर्मगुरूने मिस्सात कोणत्या वेळी लोकांकडे आणि कोणत्या वेळी वेदीकडे तोंड करावे, यावर त्या ख्रिस्तसभेत अलीकडे मोठा वाद झाला. २०२१ मध्ये निम्मे-निम्मे असा नियम झाला आणि एर्नाकुलममध्ये तो वर्षानुवर्षे धुमसला. तोंडाची दिशा महत्त्वाची असेलही. पण डोंबिवलीत जन्मलेले, इंग्रजी शाळेत शिकणारे, जिन्यावर मराठी-हिंदी बोलणारे मल्याळी मूल ज्या भाषेतली उपासना ऐकते ती त्याला वाचता येते का, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो. ठाण्याच्या ईस्ट इंडियन मुलाचा प्रश्न तोच आहे, फक्त त्याची भाषा बाहेर रस्त्यावरही बोलली जाते.

येथेच एक दुर्लक्षित संधी आहे. २०२०च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. म्हणजे कोपरीतल्या त्या नातवंडांना देवनागरी येते. निबंध लिहितात, व्याकरण सोडवतात. आजीची प्रार्थना मात्र त्यांना त्या भाषेत कोणी दिलेली नाही, कारण मराठी हा शाळेत परीक्षेचा विषय आहे आणि धर्मशिक्षण इंग्रजीत होते. आठवड्याच्या धर्मशिक्षणात घरच्या प्रार्थना घरच्या भाषेत पाठ करून घेण्यासाठी पंधरा मिनिटे देणे, याला रोमची परवानगी लागत नाही आणि कोणा मंगळूरकराचेही त्यात काही जात नाही.

दुसरे काम आपल्यासारख्यांचे आहे. ठाणे, कल्याण, भाईंदर, वसई येथील जुन्या घरांत मराठी प्रार्थनापुस्तिका, हाताने उतरवलेल्या गीतांच्या वह्या, क्वचित रोमन लिपीतली मराठी पाने अजून सापडतात. सापडल्यास प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या, घरच्या वडीलधाऱ्यांकडून ते म्हणवून घेऊन ध्वनिमुद्रण करा, आणि म्हणणाऱ्याचे गाव नोंदवा, कारण कोपरीची चाल आणि उत्तनची चाल एक असेलच असे नाही. मुखपृष्ठ फाटलेले असेल तर शेवटचे पान पाहा. छापखान्याचे नाव आणि साल बऱ्याचदा तेथे असते.