परदेशातला आपला डोंगर

डोंगर कुणाचा? सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याचा, की सकाळी खिडकी उघडताच ज्याला तो दिसतो त्याचा? वकिलाला विचाराल तर तो पहिल्याच्या बाजूने बोलेल. परंतु जिनिव्हाच्या माणसाला हा प्रश्न विचारून पाहा. तो दक्षिणेकडे बोट दाखवील आणि बेधडक सांगेल, "तो आमचा सालेव्ह!" आणि हा 'आमचा' सालेव्ह उभा आहे तो फ्रान्सच्या हद्दीत.

माझी भाची नोकरीनिमित्त त्या गावी असते. तिच्याकडे मुक्काम असताना दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली, "मामा, तळं आणि कारंजं काय, सगळेच पाहतात. उद्या सालेव्हवर जाऊ." शहराच्या साध्या बसने वेरिये गावच्या नाक्यावर उतरायचे, चार पावले चालून देश बदलायचा, आणि दोरीवरच्या पाळण्यात बसायचे. पाच-सहा मिनिटांत पाळणा तुम्हाला सुमारे ११०० मीटर उंचीवर नेऊन सोडतो. एका अंगाला खाली सबंध जिनिव्हा, ते प्रसिद्ध कारंजे, चंद्रकोरीसारखे वाकलेले लेमान सरोवर आणि पलीकडे जुरा पर्वताची निळी भिंत. दुसऱ्या अंगाला, हवा स्वच्छ असेल तर, मों ब्लांचा पांढराशुभ्र माथा. मध्ये कुरणे, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई, आणि डबे सोडून बसलेली कुटुंबे. छत्र्या पसरून कड्यावरून हवेत झेप घेणारे तरुणही दिसले. त्यांच्याकडे पाहताना माझ्याच पोटात गोळा आला!

हा डोंगर चुनखडीचा, सुमारे २० किलोमीटर लांब; सर्वोच्च माथा १३७९ मीटर. शहराच्या बाजूने उभा कडा, मागच्या बाजूने सौम्य उतार. गंमत अशी, की चुनखडीच्या या डोंगरावर मध्येच ग्रॅनाइटचे धोंडे पडलेले आढळतात. ते इथले नव्हेत. हिमयुगातल्या हिमनद्यांनी मों ब्लांच्या बाजूने वाहून आणलेले ते पाहुणे आहेत. जिनिव्हाचा निसर्गशास्त्रज्ञ सोस्यूर तरुणपणी याच डोंगरावर भटकला. मों ब्लांवर जाण्याची वाट शोधून देणाऱ्याला त्याने १७६० साली बक्षीस जाहीर केले. १७८६ साली ते शिखर सर झाले आणि पुढच्याच वर्षी तो स्वतः वर जाऊन आला.

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. शब्द दिसला की त्याची जन्मपत्रिका मांडल्यावाचून मला चैन पडत नाही. फ्रेंच भाषेत कडा चढण्याच्या खेळाला 'वाराप' म्हणतात. हा शब्द कुठून आला, तर सालेव्हच्या कड्यातल्या एका घळीच्या नावावरून! एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जिनिव्हाची तरुण मंडळी त्या घळीत चढण्याचा सराव करीत. घळीचे नाव त्यांना चिकटले, त्यांच्याकडून खेळाला लागले आणि तिथून शब्दकोशात गेले. मात्र वाङ्मयात या कड्यावर चढणारा त्यांच्याही आधीचा आहे. १८१६ च्या त्या पावसाळी, काळवंडलेल्या उन्हाळ्यात मेरी शेली सरोवराकाठी राहत होती. तिथे सुचलेली तिची 'फ्रँकेन्स्टाइन' कादंबरी १८१८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातला तो राक्षस विजेच्या लखलखाटात याच सरळसोट कड्यावरून वर चढून नाहीसा होतो.

सामान्य माणसाला मात्र चढायला साधन हवे. १८९२ मध्ये इथे विजेवर चालणारी, दातेरी रुळांची गाडी सुरू झाली. त्या प्रकारच्या जगातल्या अगदी पहिल्या गाड्यांपैकी ती एक. १९३२ मध्ये पाळणा आला आणि गाडीचे दिवस भरले. १९३५ साली ती बंद पडली. पाळण्याचेही अलीकडे मोठे नूतनीकरण झाले आणि २०२३ मध्ये तो पुन्हा धावू लागला.

हे सगळे सुखाचे. पण वरून पाहताना मी भाचीला विचारले, "सीमा कुठे आहे गं?" तिने हात फिरवला आणि हसली. घरे, शेते, रस्ते एकमेकांत मिसळलेले. रेघ कुठेच दिसत नाही. तरी ती रेघ होती, आणि फार महाग होती. १६०२ च्या डिसेंबरात सव्हॉयच्या ड्यूकचे सैनिक रात्री शिड्या लावून जिनिव्हाच्या तटावर चढले होते. शहराने तो हल्ला परतवला आणि आजही त्याच्या आठवणीला चॉकलेटचे हंडे फोडले जातात. पुढे नेपोलियनच्या काळात काही वर्षे शहर आणि डोंगर दोन्ही फ्रान्सचेच होते. १८१५ साली जिनिव्हा स्वित्झर्लंडमध्ये गेले. १८६० साली सव्हॉय फ्रान्सला मिळाला.

आणि मग दुसरे महायुद्ध. डोंगराच्या पायथ्याशी आनमास नावाचे गाव आहे. फ्रान्सवर जर्मनांचा अंमल असताना ज्यू मुलांना या भागातून गुपचूप स्वित्झर्लंडमध्ये पोचवीत. हे काम करणाऱ्यांत मारिआन कोन ही २१ वर्षांची मुलगी होती. १९४४ च्या मे अखेरीस ती सुमारे तीस मुलांसह सीमेच्या अगदी जवळ पकडली गेली. आनमासचे महापौर ज्यां देफो यांच्या मार्फत तिला तुरुंगातून पळण्याची संधी आली. ती नको म्हणाली. आपण गेलो तर मुलांवर सूड उगवला जाईल, ही तिची भीती. जुलैमध्ये तिला ठार मारण्यात आले. मुले वाचली.

स्वित्झर्लंड २००८ च्या डिसेंबरात युरोपच्या खुल्या सीमांच्या व्यवस्थेत सामील झाला. आज हजारो माणसे रोज कामासाठी ही रेघ ओलांडतात, आणि रविवारी शहर डबे घेऊन परदेशातल्या आपल्या डोंगरावर जाते. तिथे त्या दिवशी एक चिमुरडी चेंडूच्या मागे धावत होती आणि तिची आई ओरडत होती, "फार लांब जाऊ नकोस!" शेजारच्या देशात सहलीला जाणे हे तिच्या लेखी लांब जाणे नव्हते.

वाचकहो, जिनिव्हाला जाण्याचा योग आला तर कारंजे अवश्य पाहा. पण एक सकाळ सालेव्हसाठी राखून ठेवा. वर गेल्यावर आधी मों ब्लां पाहा, मग सरोवर, आणि शेवटी खाली आनमासकडे पाहा. त्या मुलांना जे थोडके अंतर जीव मुठीत धरून चालावे लागले, ते तुम्ही पाळण्याचे तिकीट काढायला जाताना सहज चालून आलेले असाल.