निर्लेखनापूर्वी एक नोंद

जपानमध्ये कुंभकला शिकून आलेल्या सरदार गुरुचरण सिंग यांनी १९५२ मध्ये दिल्लीत ‘दिल्ली ब्लू आर्ट पॉटरी’ सुरू केली. त्यांच्या झिलईदार फरशा आणि जाळ्या राजधानीतील वास्तूंमध्ये बसल्या. त्या पिढीच्या हातघडणीच्या मातीच्या दिव्याचे सरकारी कार्यालयात आज काय होते? वायरिंग बदलताना तो उतरतो, जडसंग्रह नोंदवहीत ‘जुना दिवा, नग एक’ एवढाच उरतो आणि निर्लेखनानंतर भंगारात जातो.

कायदा येथे मूक आहे. १९७२च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमात वस्तूला शंभर वर्षे व्हावी लागतात, हस्तलिखितांना पंचाहत्तर. त्याहून अलीकडची कृती केंद्राने ‘कलानिधी’ घोषित केली तरच वाचते. या यादीत रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय आहेत. कुंभकार एकही नाही. चित्र म्हणजे कला आणि दिवा म्हणजे सामान, ही कारकुनी विभागणी कायद्यानेही जणू मान्य केली आहे.

चंदीगडचा अनुभव ताजा आहे. तेथील सरकारी खुर्च्या कवडीमोलाने विकल्या गेल्या आणि परदेशी लिलावांत लाखोंना गेल्या. गृह मंत्रालयाने विक्रीला मनाई केली ती २०११ मध्ये. खुर्ची निदान परदेशात तरी टिकली. भाजलेली माती हातोड्याखाली संपते.

नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. निर्लेखनाच्या प्रस्तावाला छायाचित्र आणि कर्त्याचे नाव जोडणे सक्तीचे करावे. कुंभकार बहुधा तळाशी आपली खूण उमटवतो. वस्तू उलटी करून पाहण्याचे कष्ट तेवढे घ्यावे लागतील.