ऑफिसात परत बोलवा, पण आधी खुर्ची बघा



या सदरात मी नेहमी साखर, ब्लडप्रेशर आणि गुडघे यांवर लिहिते. या वेळी ऑफिसवर लिहिणार आहे. तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील, आम्हाला रिटायर होऊन जमाना झाला, आता ऑफिसचं काय घेऊन बसलीस? पण आपल्यातले कितीतरी जण साठीनंतरही कामावर आहेत. इथे पुरुषांचं निवृत्तीचं वय ६७. बायकांचं २०२२ पासून हळूहळू ६२ वरून ६५ कडे चाललं आहे. शिवाय पन्नाशी ओलांडलेल्या तुमच्या लेकी-सुना आहेतच. हे त्यांना वाचून दाखवा.

मार्च २०२० मध्ये करोना आला आणि लोक घरी बसून काम करू लागले. मग ऑक्टोबर २०२३ ची लढाई, मग जून २०२५ मध्ये इराणची. दर वेळी आधी घरी बसा आणि नंतर परत या. माझी परत बोलावण्याला हरकत नाही. दिवसभर एकट्याने पडद्याकडे बघत बसलेलं माणूस मनाने खचतं आणि पायांनीही. पण नवीन कॉफी मशीन आणि रंगीत उशा आणल्या की ऑफिस आरामाचं झालं, असं साहेब लोकांना वाटतं, ते मला पटत नाही. साठीच्या माणसाच्या अंगाला काय लागतं ते आधी बघावं.

मी नर्स म्हणून बरीच वर्षं कारखान्याच्या दवाखान्यात काढली. पाठदुखी घेऊन येणाऱ्याला मी गोळीआधी खुर्चीबद्दल विचारायची. पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. आपल्या बायका बहुतेक ठेंगण्या, त्यांचे पाय लोंबकळतात आणि संध्याकाळी घोटे सुजतात. पायाखाली घरातल्यासारखा लाकडी पाट ठेवला तरी पुरे. खुर्चीला हात हवेत, कारण गुडघे दुखणारा माणूस हातावर भार देऊनच उठतो. आणि तासातून एकदा तरी उठायचंच, खुर्ची कितीही महाग असो.

चष्म्याकडे तर कोणीच बघत नाही. आपले चष्मे दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह, जवळचं बघायचा भाग खाली. घरी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर खाली असतो, म्हणून त्यातून दिसतं. ऑफिसात मोठा पडदा डोळ्यांसमोर उभा करतात. मग खालच्या भागातून बघायला हनुवटी वर करावी लागते, मान मागे जाते आणि दुपारपर्यंत खांदे भरून येतात. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत असावी, हा नियम असा चष्मा नसणाऱ्यांसाठी. आपल्यासाठी पडदा आणखी खाली हवा, नाहीतर खास कॉम्प्युटरचा चष्मा करून घ्यावा. पडद्याकडे बघताना पापण्या कमी मिटतात, त्यात एसीचा झोत तोंडावर आला तर डोळे चुरचुरतात. दर २० मिनिटांनी २० सेकंद लांब, सहा-एक मीटरवर, नजर टाकावी.

आता जरा लाजेची गोष्ट. ब्लडप्रेशरसाठी लघवीची गोळी घेणारे घरी निर्धास्त असतात, संडास दोन पावलांवर. ऑफिसात तो लांब असला की ही माणसं पाणीच पीत नाहीत. आपल्या उन्हाळ्यात हे घातक आहे. टॉयलेटजवळची जागा मागा. गोळीची वेळ मनाने बदलू नका, डॉक्टरांना विचारा. कानाला मशीन असेल तर भिंतीला पाठ लागेल असा कोपरा मागा. मोकळ्या हॉलमध्ये मशीन सगळ्यांचीच बडबड कानात आणून ओतते.

आणि सायरन. नव्या घरात ममाद असतो, पलंगावरून उठून आत जाता येतं. जुन्या इमारतीतल्या ऑफिसात मिकलात तळघरात असतो आणि त्या वेळी लिफ्ट वापरायची नसते. अश्दोदला गाझाच्या रॉकेटसाठी ४५ सेकंद मिळतात. दुखरे गुडघे घेऊन तिसऱ्या मजल्यावरून ४५ सेकंदांत खाली कोण पोचणार? माझ्या ओळखीच्या एका बाईंनी याच भीतीने राजीनामा लिहून ठेवला होता. पेन्शनला दोन वर्षं बाकी. मुलीने अडवलं आणि साहेबांशी बोलायला लावलं. त्यांची जागा तळमजल्यावर गेली, आठवडाभराचं काम. साहेबांना ते कधी सुचलंच नव्हतं, कारण बाईंनी तोंड उघडलं नव्हतं.

हा आपला जुना स्वभाव. मुंबईत रेल्वेत, पोर्ट ट्रस्टमध्ये, सरकारी कचेऱ्यांत आपल्या लोकांनी वेताच्या खुर्चीवर जन्म काढले. बूड दुखलं तरी “चालेल, चालेल.” इथला साब्रा मात्र पहिल्याच दिवशी खिडकीजवळची जागा मागून घेतो आणि त्याला कोणी उद्धट म्हणत नाही. (कधीकधी म्हणायला हवं, पण ते असो.) इथे २००७ च्या कायद्याने दुकानात उभं राहून काम करणाऱ्यालाही बसायला जागा द्यावी लागते. ज्याला अपंगत्व आहे, त्याच्यासाठी वाजवी फेरबदल करणं १९९८ च्या कायद्याने मालकावर आहे. म्हणजे मागणं ही भीक नव्हे.

तोंडी सांगून भागलं नाही तर कागद लागतो. कुपत खोलिममध्ये कामाच्या तब्येतीचा वेगळा डॉक्टर असतो, रोफे ताअसुकाती. जिने चढू नयेत, जड उचलू नये, सलग बसू नये, असं तो लिहून देऊ शकतो. आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या. नंबर लागायला वेळ जाऊ शकतो, म्हणून परत जायची तारीख कळताच फोन करा. जाताना एक्स-रेचे रिपोर्ट, गोळ्यांची यादी आणि चष्म्याचा नंबर बरोबर ठेवा. ऑफिसात किती जिने आहेत तेही मोजून जा, डॉक्टर विचारतात.